रबराच्या पलीकडची पानं

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मराठीच्या मॅडमनी एकेकाला उभं करून विचारलं, "तुम्हाला वाचनाची गोडी कुणी लावली?" कुणी आजोबांचं नाव घेतलं, कुणी शाळेतल्या सरांचं. माझी पाळी आली तेव्हा मी घाबरून म्हणाले, "कंपनीच्या गाडीनं." वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मी खाली बसले. खरं उत्तर 'इंदूमावशी' असं होतं, पण इंदूमावशी एका वाक्यात सांगता येत नाहीत. इथे तरी सांगता येतील का, याची मला शंकाच आहे.

बारावीनंतर मी एक वर्ष रांजणगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. आईवडील दौंड तालुक्यात गुऱ्हाळावर काम करतात. मी शिरूरला मामाकडे राहायचे. पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या बायकांची वेगळी गाडी होती. सकाळी सव्वासहाला ती शिरूरहून निघायची. आम्ही पंधरा-सोळा जणी आणि ड्रायव्हर शब्बीरमामा.

पहिल्या दिवशी मी गाडीत चढले आणि "इथं कुणी बसलंय का?" असं विचारणार, तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी मान वर न करता एक बोट वर केलं. पन्नाशीच्या, किडकिडीत. चष्म्याची एक काडी शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेली. ड्रायव्हरकडे पाठ करून, गाडीकडे तोंड करून बसलेल्या. हातात पुस्तक. गाडीत कुणी हूं की चूं करत नव्हतं. मी तशीच दांडीला धरून उभी राहिले. पान संपल्यावर त्या बाईंनी बोट खाली केलं आणि म्हणाल्या, "हां, आता बस. नाव काय तुझं?"

त्याच इंदूमावशी. पुढे वर्षभर मी त्यांच्या शेजारी बसले.

मावशी गाडीत रोज पुस्तक वाचायच्या. मोठ्यानं, सगळ्यांसाठी. आवाज मोठा नव्हता, पण इंजिनाच्या आवाजाखालून वाट काढत शेवटच्या सीटपर्यंत जायचा. वाचायच्या फक्त सकाळी. दुपारी येताना सगळ्या झोपलेल्या असायच्या. एका सकाळी अर्धा-पाऊण तास मिळायचा. कारेगावच्या चौकात ट्रॅफिक लागलं की जास्त. मला वाटतं, त्या चौकातल्या ट्रॅफिकमुळे आनंद होणारी माणसं साऱ्या महाराष्ट्रात आम्हीच असू. पुढे दोन कंटेनर आडवे दिसले की मागून कुणीतरी म्हणायचं, "चला, अजून दोन पानं झाली." शब्बीरमामा तर प्रकरण रंगात आलं की रिकाम्या रस्त्यावरही गाडी तिसऱ्या गिअरवर आणायचे. एकदा सुपरवायझरनं गाडीला उशीर का झाला विचारलं, तर मामा गंभीरपणे म्हणाले, "साहेब, नदीला पूर आलता." पूर पुस्तकातल्या नदीला आला होता.

मावशींच्या पुस्तकाला नेहमी एक जाड लाल रबर असायचं. आज जिथपर्यंत वाचायचं, त्याच्या पुढची सगळी पानं त्या रबरानं बांधलेली. उद्याचं आज दिसू नये म्हणून. त्या स्वतःही पुढे वाचत नसत. घरी पुस्तक पिशवीतून काढतही नसत. "ऐकणाऱ्याच्या आधी वाचणाऱ्याला कळलं, की वाचणाऱ्याच्या आवाजात लबाडी येती," असं म्हणायच्या. कुणी फारच मागे लागलं, "सांगा की मावशी, मेला का वाचला?" तर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं: "रबराच्या पलीकडचं मला इचारायचं न्हाई."

आणि जे अलीकडे आहे ते सगळं वाचायचं. सगळं म्हणजे सगळं. पुस्तकाचं नाव, छापखान्याचा पत्ता, आवृत्ती, किंमत, अर्पणपत्रिका. दुकानांच्या पाट्या, गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं, गाडीतली 'संकटकाळी काच फोडा' ही सूचना, सगळं मोठ्यानं. एकदा वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची बांधणी चुकली होती. सोळा पानं दोनदा आली होती. मावशींनी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मागच्या सीटवरची सविता म्हणाली, "आवो मावशी, ही म्हस कालच पाण्याला जाऊन आली."

"छापलंय."

"चुकून छापलंय!"

"चुकलं आसंल त्यांचं. पन मी गाळलं तर ती माझी चूक झाली." आणि त्यांनी म्हशीला परत पाण्यावर नेलं.

ही सविता मोठ्या बागायतदाराच्या घरची. सासरी वाटणी झाल्यावर कामाला यायला लागली होती. मी येण्याच्या आधीची गोष्ट मला दुसऱ्यांनी सांगितली. सुरुवातीला ती मुद्दाम शेवटच्या सीटवर, कानांत हेडफोन घालून बसायची. म्हणायची, मोबाइल असताना हे कीर्तन कशाला? मग एक दिवस तिनं एका कानातला काढला. महिन्यानं दुसऱ्या कानातला. मग एकदा मावशी आजारी पडून आल्या नाहीत, तर हीच शब्बीरमामांना म्हणाली, "आज गाडी लई मोकळी मोकळी वाटती." गाडी भरलेली होती.

आता त्या पुस्तकांबद्दल सांगते. गोदा नावाच्या एका टपालवालीच्या कादंबऱ्यांची ती मालिका होती. आठ भाग आलेले, नववा म्हणजे शेवटचा यायचा होता. गोदा डोंगराळ मुलखात पायी टपाल वाटते. प्रत्येक भागात एक पत्र असं असतं, की ज्याचा मालक सापडत नाही, आणि ती त्याला शोधून काढते. पण पहिल्याच भागात तिला तिच्या स्वतःच्या नावाचं एक पत्र येतं. तिच्या आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. गोदा घरातून भांडून निघालेली. ती ते उघडत नाही. "सगळ्यांची पोचली की माझं उघडीन," असं म्हणते आणि पिशवीच्या तळाशी ठेवते. मग आठ भाग ते पत्र तिच्याबरोबर दऱ्याखोऱ्यांतून हिंडतं. चोर पिशवी पळवतात, वणवा लागतो, एक माकडसुद्धा ते पत्र घेऊन झाडावर जातं. पत्र काही उघडत नाही.

गाडीतल्या सगळ्यांचा जीव त्या पत्रात अडकला होता, आणि सगळ्यांत जास्त भागूआत्यांचा. आत्या आमच्यात सर्वांत वयस्कर. कारखान्यात झाडलोट करायच्या. अक्षरओळख अजिबात नाही. रोज सकाळी गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढायच्या आणि बसायच्या आधी विचारायच्या, "उघडलं का गं पत्र?" जसं काही रात्रीत गोदानं उघडलं असेल.

मावशी म्हणायच्या, "माझ्या पाठीमागं कसं उघडंल, आत्या?"

पावसाळ्यात एका रविवारी मावशी मला त्यांच्या माहेरी घेऊन गेल्या. यवतच्या अलीकडे आत पाच-सहा किलोमीटरवर त्यांचं गाव. तिथल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन चालतं, आणि दर रविवारचं वाचन मावशींकडे असायचं. आमच्या गावातही विहार आहे, पण खरं सांगायचं तर मी तोपर्यंत कधी आत गेले नव्हते. का गेले नव्हते, हेही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मावशी पांढरी साडी नेसून, हात धुऊन, तिथेही तशाच बसल्या. समोर माणसं, बाया, पोरं. वाचन झाल्यावर त्यांनी ग्रंथ मिटला आणि म्हणाल्या, "वाचून झालं. आता बोला." मग लोकांनी काय काय विचारलं! एक म्हातारे तर उठून म्हणाले, "मला हे पटलं न्हाई," आणि मावशी खूश होऊन म्हणाल्या, "का न्हाई पटलं, सांगा आबा." मी बघतच राहिले. पटलं नाही असं उभं राहून म्हणायचं असतं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

वाचन सुरू असताना शब्द गाळायचा नाही आणि आपल्या पदरचा घालायचा नाही. वाचून झालं की हवं ते बोलायचं. हा त्यांचा नियम.

परत येताना एसटीत मी विचारलं, "मावशी, एखादा शब्द गाळला तर काय एवढं बिघडतं?"

त्या म्हणाल्या, "माझा चुलता मिलिट्रीत व्हता. आमच्या घरात कुणाला वाचता येत न्हवतं. पत्र आलं की गावातल्या एका शिकलेल्या मानसाकडं न्यायचं. तो वट्ट्यावर, आमी खाली. एकदा पत्र आलं. त्यानं वरच्यावर नजर टाकली आन् म्हनला, 'सगळं खुशाल हाय म्हनतोय, जावा.' वडील खुशीत घरी आले. पत्रात शेवटाला लिव्हलं व्हतं, सुट्टीवर येतोय, पाय दुखावलाय, दौंड टेशनावर न्यायला या."

"मग?"

"मग काय? दोन दिवस पत्र्याच्या ट्रंकेवर बसून व्हता टेशनात. कुणी आलं न्हाई." त्यांनी चष्मा पुसला. "त्या मानसानं मुद्दाम केलं आसंल आसं न्हाई. कंटाळा आला आसंल. पन तवापास्नं मी ठरवलं, वाचता आलं तर शेवटच्या टिंबापत्तुर वाचीन."

आणि लगेच समोरच्या सीटच्या पाठीवरची 'थुंकू नये' ही पाटी त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. आम्ही दोघी खूप हसलो.

इतकी जपून वाचणारी ही बाई एकदा मात्र चुकली. आठवा भाग संपला त्या सुमारास भागूआत्यांचं काम सोडायचं ठरलं. गुडघे साथ देत नव्हते आणि मुलगा ऐकत नव्हता. महिनाअखेरचा शनिवार त्यांचा शेवटचा दिवस. आत्या रडवेल्या झाल्या. काम सुटण्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. "मंजी मला पत्राचं कळनारच न्हाई की गं," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आणि मावशींनी त्यांचा हात धरून सांगितलं, "आत्या, तुमी गाडीतनं उतरायच्या आदी गोदा पत्र उघडनार. माझा शब्द."

रबराच्या पलीकडचं त्या आयुष्यात एकदाच बोलल्या.

नववा भाग पुण्याहून मागवला. तो आला तेव्हा आत्यांच्या शेवटच्या शनिवारपर्यंत गाडीचे बारा दिवस उरले होते. मावशींनी पानं मोजून बाराने भागली आणि रबर चढवलं. त्या दोन आठवड्यांत गाडीत एकही बाई गैरहजर राहिली नाही. सविताच्या सासरी जागरण गोंधळ होता, ती तशीच हळद लागलेल्या हातानं सकाळी गाडीत. आम्ही पैजा लावायचो. सविता म्हणायची पत्रात जमिनीचा कागद असणार. कुणी म्हणायचं आई मेल्याचं कळवलं असणार. शब्बीरमामा आरशातून म्हणायचे, "नवसाचा पोरगा हाय तिला कुठंतरी, त्याचा पत्ता."

शनिवारी सकाळी मावशी मोठा स्टीलचा डबा घेऊन चढल्या. डब्यात खीर. वाचन पूर्ण झालं की समाप्तीला खीर वाटायची, ही विहारातली रीत त्यांनी गाडीतही पाळली होती. आठ भागांच्या आठ खिरी झाल्या होत्या. ही नववी आत्यांच्या निरोपाचीही होती, म्हणून तिच्यात काजू दिसत होते. आत्यांना सगळ्यांत पुढे बसवलं. मावशींनी रबर काढून मनगटात घातलं. आता पलीकडे काही उरलं नव्हतं.

त्या वाचत गेल्या. कारेगाव मागे पडलं. शेवटची दोन पानं राहिली आणि मावशी थांबल्या.

त्या कधीच मध्ये थांबत नसत. मी शेजारून पानावर पाहिलं आणि भराभर वाचत सुटले. पूल ओलांडताना गोदाच्या हातून पिशवी सुटते. पत्र नदीत पडतं. ती त्याला वाहत जाताना बघते, हसते आणि म्हणते, काही पत्रं न उघडलेलीच बरी. मग एका साहेबाशी लग्न करून शहरात जाते. संपलं.

मी आत्यांकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून, डोळे मिटून बसल्या होत्या. मी मावशींच्या कानाशी लागले. अजून आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मला ती चांगुलपणाचीच गोष्ट वाटली होती. मी म्हणाले, "मावशी, उघडलं म्हणून वाचा की. कुणाला कळतंय?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. नुसतं पाहिलं. मग चष्मा वर केला आणि शेवटची दोन पानं जशीच्या तशी, शेवटच्या टिंबापर्यंत वाचली.

आधी कुणाला कळलंच नाही. आत्या म्हणाल्या, "हां. मग? पुढं?"

"पुढं न्हाई आत्या. संपलं."

शब्बीरमामांनी गाडी बाजूला घेऊन उभी केली. "काय तरी खोटं वाचताय तुमी. दावा बरं." त्यांनी पुस्तक हातात घेऊन शेवटचं पान उलटं-सुलटं करून पाहिलं, आणखी एखादं पान चिकटलेलं असेल म्हणून. मग गाडीत जो गलका झाला! "न्हाईच उघडायचं व्हतं तर नऊ भाग वझं कशाला व्हायलं?" "माकडाकडनं घ्यायला दीड दिवस झाडाखाली बसली, आन् आता हसती व्हय?" सविता तर उभीच राहिली, "मला म्हनती न उघडलेलंच बरं! मंग पिशवीत दगूड ठिवला आस्ता तरी चाललं आस्तं!" एकीनं लेखकाला गाडीत बोलवायचं आणि कारेगावपासून पायी न्यायचं असं सुचवलं.

मावशींनी आत्यांपुढे डबा केला तर त्यांनी हळूच मागे सारला. "पत्र उघडलं न्हाई तर समाप्ती कसली गं?" आणि मग कुणीच खीर घेतली नाही. शब्बीरमामांनीसुद्धा नाही.

त्या दिवशी लाइनवर मावशींनी खोक्यावरची लेबलंसुद्धा वाचली नाहीत. डबा कँटीनच्या फ्रिजमध्ये ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत मी जवळ गेले, तर एवढंच म्हणाल्या, "मी शब्द द्यायला नको व्हता. पलीकडचा शब्द." एवढं उतरलेलं त्यांचं तोंड मी आधी पाहिलं नव्हतं. छापलेलं बदलता येत नाही, आणि दिलेला शब्द तर मोडलेला. आत्यांना शिरूरच्या चौकात उतरवेपर्यंत काय तो वेळ होता.

दुपारी गाडी सुटली. त्या दिवशी कुणी झोपलं नाही. सगळ्या आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. औद्योगिक वसाहतीचं फाटक मागे पडलं आणि मावशी एकदम उठून उभ्या राहिल्या. एका हातानं दांडी धरून, गाडीकडे तोंड करून म्हणाल्या, "वाचून झालं सकाळी. आता बोला."

कुणालाच काही कळेना. मला मात्र विहार आठवला.

"बोला की! ज्याला पटलं न्हाई त्यानं सांगायचं, का न्हाई पटलं. पुस्तक त्यांनी लिव्हलं, मी वाचलं. आता तुमची पाळी."

मग भागूआत्या, अजून बाहेरच बघत, म्हणाल्या, "मी सांगू का त्या पत्रात काय व्हतं?"

"सांगा."

"माझ्या आयचं मला कवा पत्र आलं न्हाई. तिला लिव्हता येत न्हवतं, मला वाचता येत न्हाई. मग कोन कुनाला धाडनार? पन आलं आस्तं, तर काय आलं आस्तं ते मला ठावं हाय."

"पूजे," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वही काढ."

माझ्याकडे हजेरीची लहान वही होती. आत्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. गाडी हलत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. सांगून झाल्यावर मावशींनी वही घेतली. "आता वाचून दावते. तुमी म्हनला तसंच हाय का, बघा." आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, इंजिनाच्या खालून वाट काढत, त्यांनी वाचलं:

"गोदे, म्हस व्याली. पारडी झाली. तुझ्या बापाचा खोकला कमी हाय. तू भांडून गेली ते मी कुनाला सांगितलं न्हाई, मामाकडं गेली म्हनून सांगितलं. भिंतीला नवा पोतेरा दिलाय. मला तुझी फार आठवण येते."

मावशी थांबल्या. "आत्या, हे शेवटचं तुमी म्हनला?"

आत्या विचारात पडल्या. "म्हनले का मी?"

मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते वाक्य माझं होतं. पत्र छान व्हावं म्हणून मी घातलं होतं.

"राहू द्या की," आत्या म्हणाल्या, "पोरीनं चांगलं लिव्हलंय."

"चांगलं हाय. पन तुमचं न्हाई. खोड."

मी खोडलं. मग मावशींनी आत्यांचं खरं शेवटचं वाक्य वाचलं. ते मी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात कसंबसं कोंबलं होतं:

"किल्ली जुन्याच जागी हाय."

सविता पदरानं नाक पुसत होती, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून खिडकीची काच पुसत असल्यासारखं करत होती. शेवटी शब्बीरमामाच म्हणाले, "पारडी झाली म्हनता ना? रेडा न्हाई ना?"

"पारडी," आत्या ठामपणे म्हणाल्या.

"मग काढा की खीर!"

खीर फ्रिजमुळे घट्ट झाली होती. ग्लास नव्हते, डब्यांची झाकणं पुढे आली. मामांनी त्या दिवशी शिरूरच्या चौकात गाडी दहा मिनिटं उभी केली आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न खुशाल ऐकून घेतले. आत्या उतरताना मावशींच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "उघडलं गं पत्र. मी उतरायच्या आदी उघडलं."

पुढे प्रत्येकीनं त्या वहीत आपापला शेवट सांगितला. सविताच्या शेवटात गोदा त्या साहेबाला नदीत ढकलते. मावशींनी तोही एक शब्द न बदलता वाचला. वाचायच्या आधी मात्र दर वेळी बजावायच्या, "हे पुस्तकातलं न्हाई. हे आपल्या गाडीतलं हाय."

वर्ष संपलं आणि मी शिरूरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. अर्ज भरला तो मावशींच्याच घरी. त्यांनी अर्जामागच्या सगळ्या सूचना मोठ्यानं वाचून घेतल्या, मगच मला सही करू दिली. गेल्या हिवाळ्यात त्यांनी काम सोडलं आणि लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी सोलापूरला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "अधूनमधून घर झाडून घेत जा. किल्ली ठावं हाय ना कुठं आस्ती?" ठाऊक होतं. मोरीच्या खिडकीत, पालथ्या पत्र्याच्या डब्याखाली.

एक दिवस मामाच्या घरी पोस्टकार्ड आलं. मावशींकडे फोन आहे, पण महत्त्वाचं त्या लिहूनच कळवतात. 'मंगळवारी दुपारच्या गाडीनं दौंडला उतरते. न्यायला ये.' एवढंच.

मंगळवारी मी वेळेवर निघाले, पण रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या आणि एसटी तासभर रखडली. मला सारखा तो पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेला माणूस दिसत होता. दौंडला उतरून मी स्टँडपासून स्टेशनपर्यंत पळत गेले. पुलावरून खाली बघते तर बाकड्यावर मावशी, पायाशी पिशव्या, हातात गोदाचा पहिला भाग. समोर गाडीची वाट बघणाऱ्या तीन अनोळखी बायका, एक कडेवर पोर घेतलेली. मावशी वाचत होत्या.

मी धापा टाकत पुढे गेले. "मावशी, उशीर..."

त्यांनी मान वर न करता एक बोट वर केलं.

मी उभी राहिले. पान संपलं. तेवढ्यात त्या बायकांची गाडी लागली. पोर घेतलेली बाई उठता उठता म्हणाली, "आवो, पन पत्र उघडती का न्हाई ती?"

"रबराच्या पलीकडचं मला इचारू नगा," मावशी म्हणाल्या आणि पुस्तकाला रबर चढवून त्यांनी ते सरळ तिच्या हातात दिलं. "वाचता येतं ना? मग ह्या दोघींना वाचून दाव. काय गाळू नको. आन् शेवट न्हाई पटला, तर बोला."

गाडी हलली. खिडकीत ती बाई एका हातानं पोर सांभाळत पान शोधत होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मावशी कान देऊन उभ्या होत्या, तिचं वाचणं ऐकू येतंय का म्हणून.

मग माझ्याकडे वळल्या. "आलीस. पत्र मिळालं म्हन की."

"मिळालं."

"किल्ली?"

"जुन्याच जागी," मी म्हणाले.

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की हमालानं मागे वळून पाहिलं. एक पिशवी मला दिली, एक स्वतः घेतली आणि पुढे चालू लागल्या. चहाच्या टपरीची पाटी, चौकशीची खिडकी, बाहेर जाण्याचा मार्ग, सगळं मोठ्यानं वाचत. एकही न गाळता.